कडी बाहेरून लावलेली



मागचा लेख उन्हाळी पापडांवर होता आणि त्यावर तुम्ही भरभरून लिहिलंत. आजचा लेख काहीजणींना टोचेल. टोचावा म्हणूनच लिहिते आहे, त्यामुळे आधीच क्षमा मागत नाही.

गेल्या आठवड्यात श्राविका मंडळात एका घराचा विषय निघाला. घरातला मुलगा चाळिशीचा, बुद्धीने लहान राहिलेला, आणि आता त्याला दिसेनासं झालंय. एक काकू म्हणाल्या, "पण त्या घरात काही कमी नाही हो. अंघोळ, कपडे, जेवण, सगळं वेळेवर. बिचारी माणसं किती करतात!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. आणि रात्री मला झोप आली नाही. हेच वाक्य आमच्या घराबद्दल कितीतरी वर्षं बोललं गेलंय, आणि त्याच्याखाली काय काय झाकलं जातं ते मला चांगलं माहीत आहे.

माझ्या थोरल्या नणंदबाईंना जन्मापासून डाउन सिंड्रोम आहे. घरात, भावकीत, गल्लीत सगळे त्यांना अक्का म्हणतात. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या. दुसरी कोणी थोरली नणंद असती तर मी "अहो अक्का, जेवायला या" म्हटलं असतं, सणाला वाकून नमस्कार केला असता. ह्यांना मात्र सून होऊन आल्या दिवसापासून "ए अक्का, चल, ऊठ." मला तसं कोणी शिकवलं नाही आणि कोणी टोकलंही नाही. आता मी अहोजाहो करते. सासूबाईंना अजून त्याचं हसू येतं.

माझं लग्न झालं तेव्हा अक्का घरातली बरीच कामं करायच्या. तांदूळ निवडायच्या, शेंगा फोडायच्या, सकाळी सासूबाईंबरोबर बस्तीत जाऊन अष्टद्रव्याचं ताट लावायच्या. जल, चंदन, अक्षता, पुष्प हा क्रम त्यांचा कधी चुकला नाही. माझा चुकायचा. त्या पंचेचाळिशीच्या पुढे गेल्या आणि एकेक गोष्ट सुटायला लागली. उंबऱ्यापाशी येऊन थांबायच्या, पाय पुढे टाकायच्या नाहीत. जिना उतरताना रडायच्या. ताटातली भाजी खायच्या आणि भात तसाच ठेवायच्या. बस्तीत जायला नको म्हणायच्या. डोळ्यावर मूठ दाबून बसायच्या, कधी कधी डोळ्यावर जोरात मारून घ्यायच्या.

आम्ही काय म्हणालो? हट्टी झाली. लाडावली. भात आवडेनासा झाला. डाउन सिंड्रोमच्या माणसांना म्हातारपण आणि विसरभोळेपणा लवकर येतो असं आम्हाला कुणीतरी सांगितलं होतं. ते खरंच आहे, पण त्या खऱ्या गोष्टीच्या आड आम्ही दोन-तीन वर्षं निवांत बसलो. चकचकीत स्टीलच्या ताटात पांढरा भात आहे हे त्यांना दिसतच नव्हतं, हे आमच्या डोक्यात आलं नाही. उंबऱ्याशी फरशीचा रंग बदलतो आणि धूसर नजरेला तो बदल खड्ड्यासारखा वाटू शकतो, हेही नाही. आम्ही पाचजण डोळस, आणि पाचांतल्या एकालाही दिसलं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं तेसुद्धा सासूबाईंचा मोतीबिंदू काढायचा होता म्हणून. जाता जाता अक्कांचेही डोळे बघा, म्हटलं. डॉक्टरांनी बॅटरीने पाहिलं आणि म्हणाले, "दोन्ही डोळ्यांत आहे. पण हिला कुठं काय वाचायचंय?" आणि आम्ही, त्यात मीही आले, हसून परत आलो. सासूबाईंनासुद्धा काही वाचायचं नव्हतं. त्या सही करण्यापुरत्या शिकलेल्या. पण त्यांच्याबाबतीत हा प्रश्न कुणी विचारला नाही.

पुढं माझी बहीण चार दिवस राहायला आली होती. तिनं भांडून आम्हाला दुसऱ्या डॉक्टरांकडे मिरजेला न्यायला लावलं, तेव्हा भूल देऊन अक्कांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या डोळ्याचा पडदा तोपर्यंत सुटलेला होता. वारंवार मूठ मारून घेणं हे त्याचं एक कारण असू शकतं, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे डोळा काय होतंय ते सांगत होता आणि आम्ही हात धरून "गप बस" म्हणत होतो. आता अक्कांना एका डोळ्याने उजेड, रंग आणि मोठे आकार दिसतात. तेवढंच.

हे फक्त आमच्या घरात घडलं असतं तर मी लिहिलं नसतं. ब्रिटनमध्ये या विषयावर बरंच काम झालंय. बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांत दृष्टी गेलेली किंवा फार अधू झालेली माणसं इतरांच्या दहापट असतात, असा तिथला हिशोब आहे. डाउन सिंड्रोम असेल तर मोतीबिंदू लवकर येतो, आणि बुबुळ शंकूसारखं पुढे येण्याचा विकारही जास्त आढळतो. ही माणसं "मला कमी दिसतंय" असं सांगत नाहीत. काहींना शब्द नसतात, आणि काहींना सगळ्यांना असंच दिसतं असं वाटतं. मग त्यांचं वागणं बदलतं आणि आपण त्या वागण्याला नावं ठेवतो.

अक्षर येत नाही म्हणून नजर तपासता येत नाही, ही सबब तर कुणाची ऐकूनच घेऊ नका. चष्म्याचा नंबर डोळ्यात उजेड टाकून, त्याचं परत येणं पाहून काढता येतो. त्यासाठी समोरच्यानं एक शब्द बोलावा लागत नाही. फिनलंडच्या लेआ ह्युवारिनेन या नेत्रतज्ज्ञ बाईंनी सफरचंद, घर, गोल आणि चौकोन एवढ्या चार आकारांचा तक्ता केला, तो जगभर वापरतात. जोडीचं चित्र बोटानं दाखवलं तरी चालतं. आपल्याकडे 1976 पासून अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, आपल्या समाजाची मोतीबिंदू शिबिरं होतात, मांडव पडतात, फोटो येतात. मी स्वतः अशा शिबिरांत चहा-नाश्त्याचं काम केलंय. एकाही शिबिरात मी असं माणूस रांगेत पाहिलं नाही. आमच्या घरात होतं, तेही मी नेलं नाही.

आता कडीची गोष्ट.

ऑपरेशन झालं, थोडं दिसू लागलं, तरी अक्का एकदा पडल्या आणि कपाळाला टाके पडले. मग घरात ठरलं की कोणी लक्ष द्यायला नसेल तेव्हा त्यांना मागच्या खोलीत बसवायचं आणि बाहेरून कडी लावायची. सुरक्षेसाठी. हा शब्द फार सोयीचा आहे.

तीन वर्षांपूर्वी दशलक्षणात आमच्या बस्तीत पंडितजींनी अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले. बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं, आणि अन्नपाणी अडवणं. उदाहरणं आपण लहानपणापासून ऐकत आलो तीच. आखूड दाव्याची गाय, ऊस भरलेल्या गाडीचा बैल, वेळेवर वैरण न मिळालेलं वासरू. आम्ही पंचवीस-तीस जणी वहीत लिहून घेत होतो. शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या, "आता गोठाच राह्यला नाही, म्हंजे ह्यातलं आपल्याला काय लागू नाही." आम्ही तोंडाला पदर लावून हसलो.

घरी आले, पाय धुतले आणि मागच्या खोलीची कडी काढली. तीन तासांपूर्वी मी जिथं बसवलं होतं तिथंच अक्का पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. खोलीत दिवा नव्हता. त्यांना कुठं दिसतंय, असं समजून आम्ही दिवा लावतच नव्हतो. कडीचा आवाज ऐकून त्या दचकल्या आणि दोन्ही हात वर करून चेहरा झाकला. आपण मारत नाही, छेदत नाही, पण पाचातले बाकीचे तीन?

बांधणं म्हणजे दोरीच लागते असं नाही. कडी, पलंगाला लावलेली खुर्ची, "इथून उठायचं नाही" असं रोज ऐकवलेलं वाक्य, हे सगळं बांधणंच आहे. सुरक्षा हवी असेल तर जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी लावता येते, भिंतीला धरायला दांडी लावता येते. मी दोन्ही केलं. दोन दिवसांचं सुताराचं काम होतं. कडी लावायला मात्र दोन सेकंद पुरतात, म्हणून आपण कडी लावतो.

अन्नपाण्याचं सांगते, आणि हे सांगताना मला सगळ्यात जास्त लाज वाटते. दुपारी चारनंतर आम्ही अक्कांना पाणी कमी द्यायचो. रात्री उठवायला लागू नये म्हणून. कुणी विचारलंच तर उत्तर तयार होतं, "तिचाही रात्रीचा पाण्याचा नेम होतो की!" मैत्रिणींनो, नेम स्वतः घ्यायचा असतो. समजून, आपल्या तोंडानं, आपल्या शक्तीप्रमाणे. जिला नेम म्हणजे काय हे सांगितलंच नाही तिचं पाणी तोडून आपण त्याला व्रताचं नाव दिलं. लघवीचा संसर्ग दोनदा झाला, औषधं झाली, तरी पाणी वाढवलं नाही.

आणि सूर्यास्ताआधीचं जेवण. माझा रात्रिभोजनत्याग आहे आणि तो राहणार. पण पावसाळ्यात अंधारून आलं की घरात जी धांदल उडते ती तुम्हाला माहीत आहे. त्या धांदलीत मी अक्कांच्या तोंडात घासामागून घास कोंबायचे. पुढचा घास कधी येतोय, गरम आहे की गार, वरण आहे की लोणचं, काही न सांगता. ज्याला दिसत नाही त्याच्या ओठांवर अचानक चमचा लागतो तेव्हा त्याला काय वाटतं हे बघायचं असेल तर स्वतःचे डोळे बांधून नवऱ्याला भरवायला सांगा. मी करून पाहिलं. तिसऱ्या घासाला मी त्यांचा हात झिडकारला. अक्कांनी झिडकारला की आम्ही म्हणायचो, माजलीय. व्रत माझं आणि घाई मात्र त्यांच्या गळ्यात. आता त्यांचं ताट पाच वाजताच मांडते. भरपूर उजेडात, आणि त्या स्वतःच्या हातानं जेवतात.

आता काहीजणी म्हणतील, ज्याचं त्याचं कर्म. मला सासरच्या एका आत्याबाईंनी तसं ऐकवलंच, चक्षुदर्शनावरणीय कर्माचा उदय आहे, आपण काय करणार. शास्त्राचा शब्द बरोबर होता. पण त्याच आत्याबाईंना स्वतःला मोतीबिंदू झाला तेव्हा त्यांनी उदय संपायची वाट पाहिली नाही, भारीतली लेन्स बसवून आल्या. चांगलंच केलं. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र आपण कर्मसिद्धान्त पुढं करून हात झटकतो. अक्कांच्या पूर्वकर्माचा हिशोब माझ्याकडे नाही. माझा आजचा आस्रव तेवढा माझ्याकडे आहे. दुसऱ्याला दुःख देणं, ताप देणं, रडायला लावणं यानं असातावेदनीय बांधलं जातं, हे तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात आपण दर दशलक्षणात ऐकतो. तिथं "समोरचा समजदार असेल तरच" अशी अट नाही.

वैयावृत्य हे सहा अंतरंग तपांतलं एक आहे. मुनिमहाराज गावात आले की आपण किती जपतो! पाणी किती वेळा गाळलं, आहाराच्या वेळी चौक्यात कोण उभं राहणार, कुठला शब्द कधी बोलायचा, सगळं शिकून घेतो. निर्विचिकित्सा अंगाची उद्दायन राजाची कथा आपण मुलांना पाठशाळेत सांगतो, ओकारी अंगावर झेलूनही ज्याला किळस आली नाही तो राजा. पण घरातल्या, न बघू शकणाऱ्या, नीट न बोलू शकणाऱ्या माणसाची सेवा करायला काही शिकावं लागतं, हे आपण मान्यच करत नाही. "प्रेम आहे ना, बास." प्रेम माझंही होतं. कडी मी प्रेमानंच लावत होते.

म्हणून माझं म्हणणं असं की घरच्या सेवेलाही दर्जा असतो आणि तो तपासावा लागतो. कपडे स्वच्छ आहेत का, पोट भरलं का, एवढी तपासणी गोठ्यातल्या जनावराला पुरते. माणसाची तपासणी वेगळी. आत्ता काय होणार आहे हे त्याला कळतंय का? त्याला नको म्हणता येतं का, आणि म्हटलं तर कुणी ऐकतं का? दिवसातलं काय काय तो स्वतः करतो? मी एक दिवस वही घेऊन बसले आणि अक्कांचा दिवस लिहून काढला. झोप सोडून चौदा तासांपैकी नऊ तास त्या नुसत्या बसून होत्या. कोणी त्यांच्याशी बोललं ते सगळं मिळून अर्धा तास, आणि त्यातलं बहुतेक "ऊठ", "बस", "तोंड उघड".

आम्ही काय बदललं ते सांगते. सगळं एकदम नाही झालं, काही गोष्टींना वर्ष गेलं.

पहिली गोष्ट, आल्यावर आपलं नाव सांगायचं आणि हाताच्या पाठीला हलकेच स्पर्श करायचा. एकदम दंड धरायचा नाही. जातानाही "मी चालले" म्हणायचं, नाहीतर त्या रिकाम्या खोलीशी बोलत राहतात. माझा मुलगा कॉलेजातून आला की दारातून ओरडायचा, आता जवळ जाऊन मनगटातलं कडं त्यांच्या हाताला लावतो. कडं लागलं की त्यांना कळतं कोण आलंय.

दुसरी गोष्ट मला एका विशेष शिक्षिकेनं शिकवली. प्रत्येक कामाआधी त्या कामाची एक वस्तू हातात द्यायची, आणि ती कधी बदलायची नाही. अंघोळीला पंचा. जेवणाला त्यांचा जाड दांड्याचा चमचा. बस्तीत जायचं असेल तर अक्षतांची डबी. पहिले दोन महिने काहीच झालं नाही, सासूबाई म्हणाल्या हे काय खेळ लावलेत. मग एका सकाळी पंचा हातात दिला तर अक्कांनी तो फेकून दिला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! अंघोळ नको, असं त्या पहिल्यांदा आपण होऊन सांगत होत्या. त्या दिवशी अंघोळ संध्याकाळी घातली. आकाश कोसळलं नाही.

ताट बदललं. गडद निळं ताट, त्यात भात स्पष्ट दिसतो. उडदाची काळी आमटी असेल तर पांढरी वाटी. स्टील चमकतं, उजेड डोळ्यावर मारतं. जागा ठरलेल्या: भाजी उजवीकडे, भाकरी डावीकडे, पाण्याचा तांब्या नेहमी त्याच कोपऱ्यात. खोलीतलं सामान हलवायचं नाही, अगदी दिवाळीच्या साफसफाईतसुद्धा जिथल्या तिथं परत. दारं एकतर पूर्ण उघडी नाहीतर पूर्ण बंद; अर्धवट दारावरच कपाळ आपटतं. खिडकीकडे पाठ करून बसवायचं, म्हणजे उजेड डोळ्यात न जाता समोरच्या वस्तूवर पडतो.

आणि काही शिकवायचं असेल तर त्यांचा हात वरून धरून ओढायचा नाही. आपला हात खाली ठेवायचा, त्यांचा वर. त्यांना नको वाटलं तर हात काढून घेता आला पाहिजे. आता अक्का पुन्हा तांदूळ निवडतात. आधी खडे मी काढते, मग अखंड दाणे आणि कणी त्या बोटांनी वेगळी करतात. त्यांनी निवडलेल्या अक्षता बस्तीत जातात. वेग विचारू नका. अर्धी वाटी निवडायला पाऊण तास लागतो, आणि तो पाऊण तास त्या बसून नसतात.

आता ओझ्याबद्दल, म्हणजे उरलेला तिसरा अतिचार. तो अक्कांवर होत नव्हता, माझ्यावर होत होता. आपल्या घरांत अशा माणसाची सेवा कुणाच्या वाट्याला येते? आधी आईच्या, मग एका सुनेच्या. बहुतेक धाकट्या, जिची नोकरी नाही तिच्या. पुरुष निर्णय घेतात, दाखले काढतात, आणि "तू आहेस म्हणून चाललंय" असं कौतुक करतात. ते कौतुक ऐकून मी कितीतरी वर्षं फुलत राहिले, आणि दमले की कडी लावत राहिले. दमलेल्या बाईच्या हातून दर्जाची सेवा होत नाही, ती पुण्याच्या गोष्टी सांगून आपण तिच्याकडून करवून घेऊ नये. यांना मी सांगितलं, अक्का तुमच्या बहीण आहेत. रविवार सकाळ तुमची. पहिल्या रविवारी यांनी अंघोळीला दीड तास घेतला. आता चाळीस मिनिटांत होतं.

मदतीला बाई ठेवली तरी आपण काय करतो बघा. पहिल्या दिवशी तिला तासभर सांगतो: पाणी गाळून, कांदा-लसूण-बटाटा या घरात येत नाही, चप्पल बाहेर, पाळीच्या दिवसांत स्वयंपाकघरात नको. आणि ज्यांच्यासाठी तिला ठेवलं त्यांच्याबद्दल दोन वाक्यं. "ती अशी आहे. जरा सांभाळून घ्या." अक्कांना उजव्या डोळ्यानं अजिबात दिसत नाही, म्हणून डाव्या बाजूनं जा, हे आमच्या बाईला मी आठव्या महिन्यात सांगितलं. माझ्या लक्षातच आलं नव्हतं की तिला ते माहीत नाही. आता एका पुठ्ठ्यावर लिहून दारामागे लावलंय. किती दिसतं, कसं बोलवायचं, काय आवडतं, काय झालं तर घाबरतात. पै-पाहुणे तो पुठ्ठा वाचतात आणि अस्वस्थ होतात. होऊ देत.

पैशाचंही बोलू. आयकराच्या जुन्या पद्धतीत अवलंबून असलेल्या अपंग व्यक्तीसाठी 75,000 रुपये आणि 80 टक्क्यांपासून पुढच्या अपंगत्वाला 1,25,000 रुपये वजावट मिळते, प्रत्यक्ष खर्च कितीही असो. आमच्याकडे ती दरवर्षी घेतली जात होती. अक्कांच्या खोलीत तेव्हा चाळीसचा एक बल्ब होता, तोही बंद. तुमच्याकडेही घेत असतील, तर एकदा यांना विचारा की त्या माणसावर यातलं किती लागतं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे, त्यात 21 प्रकार आहेत. अंधत्व, अल्पदृष्टी, बौद्धिक अपंगत्व आणि एकाहून जास्त अपंगत्व हे सगळे त्यात आहेत. पण आपल्या माणसाच्या दाखल्यावर लहानपणी लिहिलेलं "मतिमंद" एवढंच असतं, आणि नंतर गेलेली नजर त्यावर कुणी चढवत नाही. जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचा उल्लेख त्याच कायद्याच्या 24 व्या कलमात आहे, सरकारच्या ऐपतीप्रमाणे द्यायचा म्हणून. मागणाऱ्याच नसतील तर ऐपत कशी वाढणार? 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो, आणि निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्यविमा मिळतो. हे काम बसल्या जागी होत नाही, खेटे घालावे लागतात. आम्हाला पाच घालावे लागले.

आपण दान कमी करतो असं कुणी म्हणणार नाही. वाढदिवसाला संस्थेत मिष्टान्न, केळी, ब्लँकेट. पहिल्या कलशाची बोली मी स्वतः एकदा घेतली आहे, आणि घेताना अंगावर काटा आला होता, भक्तीचाच. पण त्याच वर्षी विशेष शिक्षिकेच्या महिन्यातल्या दोन फेऱ्यांची फी मला जास्त वाटली होती, हेही खरं. क्षमावाणीला मी गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन हात जोडून आले. अक्कांना मात्र कुणी क्षमा मागितली नाही. त्यांना कळत नाही ना!

त्या चाळिशीच्या मुलाच्या घरी मी परवा जाऊन आले. आईनं चहा केला. तो ओट्याला टेकून बसला होता, डोळे चोळत. मी नाव सांगून हाताच्या पाठीला हात लावला तर त्यानं माझ्या बांगड्या चाचपल्या आणि मोजल्यासारखं केलं. आई म्हणाली, "त्याला काय कमी नाही बघा." मी विचारलं, डोळे दाखवलेत का? ती म्हणाली, "तो कुठं सांगतो काय होतंय ते." मग ती बराच वेळ काही बोलली नाही. उठताना तिनंच विचारलं, मिरजेला किती वाजता निघायचं.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी सात वाजता बस्तीपासून गाडी निघेल. अक्कांची दर वर्षीची तपासणी आहे, शिवाय तो मुलगा आणि त्याची आई. वेळ जास्त लागतो म्हणून डॉक्टरांनी सकाळची मोकळी वेळ दिली आहे. गाडीत अजून दोन घरांची जागा आहे. ज्यांच्याकडे असं कोणी असेल त्यांनी मला फोन करा, दुपारी दोन ते चार सोडून. तेव्हा आम्ही तांदूळ निवडत असतो.